जेपेग केलं की बारीक लाल रेघा मळतात, आकाशात पट्टे पडतात. चित्र सेव्ह करायचं तरी कसं?

पेनाचं_टोक:

नमस्कार. मी क्रिटा या चित्रकलेच्या सॉफ्टवेअरमध्ये चित्रं काढतो. बहुतेक शाईसारख्या बाह्यरेषा, आत सपाट रंग आणि अधूनमधून मऊ ब्रशने दिलेल्या छटा. सध्या एका दीपगृहाचं रात्रीचं चित्र चालू आहे. कॅनव्हास ३५०८ × ४९६१ पिक्सेल, म्हणजे ३०० डीपीआयला (इंचाला ३०० पिक्सेल) ए-३. मागे गडद निळं आकाश, वरच्या बाजूला जवळजवळ काळं आणि क्षितिजाकडे जरा उजळत गेलेलं. पुढे एक नाव आणि तिच्या शिडाचे दोर. दोर दोन पिक्सेल जाडीचे, भडक लाल.

कॅनव्हासवर सगळं लख्ख दिसतं. ८५ दर्जाची जेपेग काढली की दोर तपकिरी आणि धूसर होतात, मध्येच तुटल्यासारखे वाटतात. दीपगृहाच्या पांढऱ्या भिंतीवर ज्या काळ्या रेघा आहेत त्यांच्याभोवती राखाडी कचरा जमतो. आकाशात रुंद पट्टे दिसायला लागतात. आणि तीच फाइल दुसऱ्या पडद्यावर उघडली की रंग विटलेले.

दर्जा ८५ वरून १०० केला तर भागेल का, की जेपेगचा नादच सोडायचा? एकाने सांगितलं की डीपीआय ६०० कर, मग रेघ फुटणार नाही. ते खरं आहे का? हे चित्र पुढे पोस्टर म्हणून छापायला द्यायचं आहे, त्यामुळे मूळ फाइल कशात जपून ठेवायची तेही सांगा.

ठिपका:

पीएनजी करा. रेघा जशाच्या तशा राहतील. सपाट रंगांच्या चित्राला जेपेग कधीच मानवत नाही.

पानजुळणी:

ठिपका यांचं उत्तर बरोबर आहे, पण त्याने चारातला एकच प्रश्न सुटतो. मी पुस्तकांची आणि मासिकांची पानं छपाईसाठी तयार करते. चित्रकारांकडून येणाऱ्या फाइली उघडून आधी कडा बघायच्या हे माझं रोजचं काम आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक गोष्ट. काम करायची फाइल वेगळी आणि द्यायची फाइल वेगळी. तुमचं मूळ चित्र म्हणजे ती क्रिटाची स्वतःची केआरए फाइल. त्यात लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेले थर, आहेत, मास्क आहेत, रंगांची पूर्ण खोली आहे. जेपेग, पीएनजी, टिफ या सगळ्या तिच्यापासून काढलेल्या प्रती. प्रत कुठे जाणार यावर तिचं स्वरूप ठरतं, आणि प्रत्येक प्रत दर वेळी मुळापासूनच नव्याने काढायची. प्रतीवरून प्रत काढायची नाही. एवढा एक नियम पाळलात तर एखादी प्रत बिघडली तरी चित्राला धक्का लागत नाही. फोटोशॉप वापरणाऱ्यांनी पीएसडी, गिंप वापरणाऱ्यांनी एक्ससीएफ, प्रोक्रिएट वापरणाऱ्यांनी त्याची स्वतःची प्रोक्रिएट फाइल जपावी. आणि तिची आणखी एक नक्कल दुसऱ्या डिस्कवर ठेवावी.

आता तुमचे लाल दोर. जेपेगमध्ये नेमकं काय होतं ते कळलं की कुठे जपायचं तेही कळतं.

जेपेगचं मानक १९९२ सालचं. ते बनवणाऱ्यांसमोर होती छायाचित्रं. माणसाच्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारकाईने कळतो, रंगातला फरक तेवढ्या बारकाईने कळत नाही, या गोष्टीचा त्यांनी फायदा घेतला. म्हणून जेपेग प्रत्येक पिक्सेलचे लाल-हिरवा-निळा हे तीन आकडे बदलून एक आकडा उजेडाचा आणि दोन रंगाचे असे करतं. मग बरीच सॉफ्टवेअर यापुढे जाऊन रंगाचे आकडे आडवे अर्धे आणि उभे अर्धे करतात. म्हणजे शेजारच्या चार पिक्सेलना उजेड आपापला, पण रंग चौघांत मिळून एकच. याला क्रोमा सबसॅम्पलिंग म्हणतात आणि ते ४:२:० असं लिहितात.

निसर्गाच्या छायाचित्रात हे डोळ्याला जाणवतही नाही. पण तुमचा दोर दोन पिक्सेलचा आहे. गडद निळा आणि भडक लाल यांच्यात उजेडाचा फरक तुलनेने थोडा, खरा फरक रंगाचा. आणि नेमका तोच चौघांत वाटला गेला. दोर जिथे चार पिक्सेलच्या चौकटीत बरोबर बसला तिथे लाल राहिला, जिथे चौकटीच्या हद्दीवर आला तिथे निळ्यात मिसळला. तुम्हाला तो तुटल्यासारखा दिसतो तो यामुळे.

काळ्या रेघेभोवतीच्या कचऱ्याचं कारण वेगळं आहे. जेपेग चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकडा कमी-जास्त वेगाने चढउतार होणाऱ्या लहरींची बेरीज म्हणून मांडतं. हे गणित नासिर अहमद, नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केलं. आपल्या हातातल्या जवळजवळ प्रत्येक फोटोच्या मुळाशी ते आहे, म्हणून नावं आवर्जून सांगितली. तर, पांढऱ्यावरून एकदम काळ्यावर जाणारी कडा मांडायला सगळ्या लहरी लागतात, अगदी बारीक सुद्धा. दर्जा कमी केला की जेपेग आधी बारीक लहरींचे आकडे ढोबळ करतं आणि त्यातले बरेच शून्यच करून टाकतं. मग बेरीज जुळत नाही, आणि न जुळलेला भाग त्या ६४ पिक्सेलच्या तुकड्यात राखाडी ठिपक्यांसारखा पसरतो. काळ्या रेघेपासून सातेक पिक्सेलपर्यंत कचरा आणि पुढे एकदम स्वच्छ भिंत असं दिसत असेल बघा.

म्हणून दर्जा १०० करून काय होईल? कचरा जवळपास जाईल. दोर मात्र तसेच राहू शकतात, कारण काही सॉफ्टवेअरमध्ये सबसॅम्पलिंगची निवड दर्जाच्या आकड्यापासून वेगळी असते. क्रिटाच्या आणि गिंपच्या जेपेग एक्स्पोर्टच्या चौकटीत प्रगत पर्यायांत ती सापडते. तिथे सर्वोत्तम दर्जाचा पर्याय निवडा, म्हणजे ४:४:४. फोटोशॉपच्या ‘सेव्ह अॅज’मध्ये ही निवड वेगळी दिसत नाही. दर्जा ० ते १२ पैकी ७ किंवा त्याहून वर असला की ते रंगाचे आकडे अर्धे करत नाही, ६ आणि खाली करतं. आणि १०० म्हणजे काहीच न गमावणं असंही नाही. रंग बदलताना आकडे पूर्णांकात आणावे लागतात, तिथे थोडं सुटतंच. फाइल मात्र फुगते. जेपेग द्यावीच लागणार असेल तर ९० ते ९५ आणि ४:४:४ एवढं मला रेघांच्या चित्रांना पुरेसं वाटतं. मात्र एका सॉफ्टवेअरमधले ९० म्हणजे दुसऱ्यातले ९० नव्हेत. आकडा पाठ करू नका, फाइल उघडून बघा.

पीएनजीमध्ये यातलं काहीच होत नाही. ती १९९६ साली आली, आणि गेलेला प्रत्येक पिक्सेल जसाच्या तसा परत मिळावा अशीच तिची रचना आहे. एक्स्पोर्ट करताना कॉम्प्रेशनची ० ते ९ अशी पट्टी दिसते, तिला अनेकजण घाबरतात. ती फक्त फाइल किती लहान करायची आणि त्यासाठी संगणकाने किती वेळ खर्चायचा हे ठरवते, चित्रावर तिचा काडीचाही परिणाम नाही. खुशाल ९ ठेवा. जपायचं ते इंडेक्स्ड किंवा पीएनजी-८ या पर्यायाला. त्यात संपूर्ण चित्रासाठी फक्त २५६ रंग मिळतात. सपाट रंगाच्या चिन्हाला ते चालतं, तुमच्या आकाशाला नाही. फाइल लहान करून देणारी काही साधनंही गुपचूप हेच करतात.

डीपीआयबद्दल: नाही, ते खरं नाही. तुमच्या चित्रात ३५०८ गुणिले ४९६१ म्हणजे सुमारे १ कोटी ७४ लाख पिक्सेल आहेत. तुमच्याकडे जे आहे ते एवढंच. डीपीआय ही फाइलमध्ये लिहिलेली सूचना आहे की एका इंचात किती पिक्सेल बसवायचे. पिक्सेल तेवढेच ठेवून ३०० चे ६०० केलेत तर पोस्टरची लांबी-रुंदी निम्मी होईल. आणि सॉफ्टवेअरला पिक्सेल वाढवायला सांगितलंत तर ते चौपट होतील, पण नवे पिक्सेल शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरलेले असतील. रेघ मऊच होणार. मोठं छापायचं असेल तर पहिली रेघ ओढायच्या आधी कॅनव्हास मोठा घ्यायचा.

रंग विटण्याबद्दल रात्री लिहिते, तो विषय मोठा आहे.

सपाटरंग:

पानजुळणी यांच्याशी बहुतांशी सहमत, पण जेपेगवर एवढा राग नको. मी तैलरंगासारखी चित्रं डिजिटलमध्ये रंगवतो. सगळीकडे ब्रशचा पोत, कुठेही कडक रेघ नाही. अशा चित्राची पीएनजी अवाढव्य होते आणि ९२ दर्जाची जेपेग शेजारी ठेवली तर फरक सापडत नाही. पडद्यावर दाखवायला मी जेपेगच देतो.

पानजुळणी:

बरोबर आहे तुमचं, आणि त्याला कारणही आहे. पीएनजी शेजारच्या पिक्सेलवरून पुढच्याचा अंदाज बांधते आणि पुनरावृत्ती शोधते. सपाट रंगात अंदाज लगेच जमतो, पोतात प्रत्येक पिक्सेल वेगळा असल्याने जमत नाही. ए-३ चं चित्र न दाबता ठेवलं तर ८ बिटला (प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या) सुमारे ५२ एमबी भरतं. सपाट रंगांचं असेल तर पीएनजी त्याचा छोटासा भाग करते, पोत असेल तर फारशी बचत होत नाही. आणि जेपेगने केलेला बिघाड पोतातच लपून जातो. दाखवायच्या प्रतीसाठी तुमची निवड योग्य. माझा आग्रह फक्त मूळ फाइलपुरता आणि छपाईला जाणाऱ्या फाइलपुरता आहे.

आता रंग. पेनाचं_टोक, फाइलमधला आकडा म्हणजे रंग नाही. ‘लाल २५५’ म्हणजे नेमका कोणता लाल हे प्रोफाइल सांगतं. एसआरजीबी हे १९९६ साली मांडलं गेलं आणि १९९९ मध्ये त्याचं आंतरराष्ट्रीय मानक झालं. साध्या पडद्यांचा आणि वेबचा आधार आजही तोच. अॅडोब आरजीबी आणि डिस्प्ले पी-३ ही त्याहून मोठी रंगक्षेत्रं. मोठ्या क्षेत्रात रंगवलेलं चित्र प्रोफाइल न जोडता सेव्ह केलं, तर समोरचं सॉफ्टवेअर बहुधा ते एसआरजीबी समजून उघडतं आणि रंग मेल्यासारखे होतात. याच्या उलटंही घडतं. एसआरजीबीतलं चित्र मोठ्या क्षेत्राच्या पडद्यावर, प्रोफाइलकडे न बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडलं की लाल अंगावर येतो.

कॅनव्हास कोणत्या प्रोफाइलमध्ये आहे ते क्रिटात चित्राच्या गुणधर्मांत बघा. पडद्यासाठी प्रत काढताना एसआरजीबीत रूपांतर करा आणि प्रोफाइल फाइलमध्ये जोडण्याची खूण चालू ठेवा. प्रोफाइलचं वजन काही केबी असतं, तिथे काटकसर करू नका. ‘कन्व्हर्ट’ आणि ‘असाइन’ असे दोन शब्द दिसतील. कन्व्हर्टमध्ये रंग तोच ठेवून आकडे बदलतात. असाइनमध्ये आकडे तेच ठेवून त्यांचा अर्थ बदलतो, म्हणजे चित्राचे रंग बदलतात. तुम्हाला कन्व्हर्ट हवं आहे.

एवढं करूनही दोन पडदे हुबेहूब जुळतीलच असं नाही. रात्रीचा पिवळसर प्रकाश चालू असेल, उजेड वेगळा असेल. पण निदान फाइल खरं बोलत असेल.

पेनाचं_टोक:

ताई, मनापासून आभार. ४:४:४ करून पाहिलं, दोर स्वच्छ आले. माझा कॅनव्हास अॅडोब आरजीबीत होता हेही कळलं.

पण आकाशाचं कोडं सुटलं नाही. पीएनजी काढली तरी पट्टे आहेतच, जेपेगपेक्षा कमी, पण आहेत. पीएनजीत काही हरवत नाही ना? मग पट्टे आले कुठून? आणि दुसरं, माझ्या काही जुन्या चित्रांच्या केआरए फाइली एका डिस्कबरोबर गेल्या, फक्त जेपेग उरल्या आहेत. त्या पीएनजी करून ठेवू का?

पानजुळणी:

पीएनजीत काही हरवलेलं नाही. ते पट्टे तुमच्या कॅनव्हासवरच आहेत. मुळात होते तसे ते इमानदारीने सेव्ह झाले.

हिशेब करून बघा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाला ० ते २५५ एवढ्याच पायऱ्या. तुमचं आकाश निळ्यात समजा २० पासून ६० पर्यंत जातं. म्हणजे ४० पायऱ्या, आणि त्या पसरायच्या ४९६१ पिक्सेल उंचीवर. एकेक पायरी सुमारे १२४ पिक्सेल रुंद झाली. लाल आणि हिरव्याच्या पायऱ्या मधेमधे पडून थोडी मदत करतात, पण गडद भागात डोळा अशा कडा बरोबर पकडतो. जेपेगने त्यात भर घातली, कारण हलक्या उताराचे आकडेही ती ढोबळ करते.

उपाय दोन टप्प्यांत. कॅनव्हास १६ बिटमध्ये रूपांतरित करा आणि आकाश तिथे पुन्हा रंगवा. नुसतं रूपांतर करून भागणार नाही, कारण आधीच्या ४० पायऱ्या ४० च राहतील. मग शेवटी ८ बिटची प्रत काढण्यापूर्वी, प्रतीत, आकाशावर अगदी हलका नॉइज, म्हणजे विखुरलेले बारीक ठिपके, टाका, एखाद-दुसऱ्या पायरीएवढा. त्यामुळे पायरीची सरळ कड विस्कटते आणि डोळ्याला सलग उतार दिसतो. नॉइजमुळे पीएनजी जाड होईल, तेवढी होऊ द्या. त्याच प्रतीची जेपेग काढणार असाल तर दर्जा उंच ठेवा, कमी दर्जाला जेपेग सगळ्यात आधी हा नॉइजच पुसते आणि पट्टे परत येतात. पीएनजी आणि टिफ दोन्ही १६ बिटही साठवतात, तेव्हा छपाईवाला घेत असेल तर १६ बिटच द्या.

जुन्या जेपेग: पीएनजी केल्याने गेलेलं परत येत नाही. पण यापुढे त्यांवर काम करणार असाल तर जरूर करा, किंवा सरळ केआरए करा. तिथून पुढची झीज थांबते. जेपेग नुसती उघडून बघितल्याने, कॉपी केल्याने किंवा नाव बदलल्याने काही बिघडत नाही. बिघडतं, हा गैरसमज फार पसरला आहे. बिघडतं ते पुन्हा जेपेग म्हणून सेव्ह केल्यावर. त्यातही चित्र एखाद-दोन पिक्सेल सरकवून किंवा आकार बदलून सेव्ह केलं तर जास्त, कारण ८ × ८ च्या चौकटी नव्या जागी पडतात आणि जुन्या चौकटींच्या कडासुद्धा आता चित्राचा भाग समजल्या जातात. नुसतं आडवं-उभं फिरवायचं असेल तर जेपेगट्रान नावाचं छोटं साधन आहे. ते पिक्सेल न उलगडता आतले तुकडेच फिरवतं. लांबी-रुंदी ८ च्या किंवा १६ च्या पटीत असेल तर काहीही न गमावता.

त्या मूळ जेपेग मात्र फेकू नका. तुमच्याकडचं सर्वांत जुनं रूप तेच आहे.

चौकटराजा:

एक भर घालतो. चित्र सेव्ह करण्याआधीच, कॅनव्हासवरच बरीच खराबी होते. मी गेमसाठी पिक्सेल आर्ट आणि पात्रांची चित्रं करतो. एखादा हात निवडून थोडा फिरवला, ठीक केला, परत थोडा फिरवला, मग लहान केला, परत मोठा केला, असं करत गेलं की प्रत्येक वेळी सॉफ्टवेअर पिक्सेल नव्याने मोजतं आणि रेघ मऊ पडत जाते. सगळे बदल एकाच ट्रान्स्फॉर्ममध्ये करून मग एकदाच लागू करावेत. क्रिटात ट्रान्स्फॉर्म मास्क आहे, फोटोशॉपमध्ये स्मार्ट ऑब्जेक्ट. त्यात मूळ पिक्सेल तसेच राहतात.

पिक्सेल आर्ट मोठं करताना ‘निअरेस्ट नेबर’च (जवळचा पिक्सेल जसाच्या तसा उचलणारी रीत) निवडायचं आणि दोनपट, तीनपट, चारपट असं पूर्णांकातच वाढवायचं. दीडपट केलं की काही चौकोन जाड आणि काही बारीक होतात. रेघांच्या चित्रांना मात्र हेच निअरेस्ट नेबर घातक, कडा करवतीसारख्या होतात. तिथे बायक्युबिक किंवा लँक्झॉस, या शेजारच्या पिक्सेलांचा मेळ घालणाऱ्या रीती.

आणि पाठवताना जपा. मेसेजिंग अॅपवर चित्र ‘फोटो’ म्हणून पाठवलं की ते बहुधा लहान करून परत जेपेग होतं. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचं किंवा झिप करून.

पेनाचं_टोक:

चौकटराजा, दोर मी असेच दोन-तीनदा वाकवले होते, आता मास्क वापरून पाहतो. एक शंका. जिथे मी चित्रं टाकतो ती वेबसाइट स्वतःच फाइल लहान करते. मग मी पीएनजी दिली काय नि जेपेग दिली काय, उपयोग काय? वेबपीबद्दलही ऐकतो, ते चांगलं का?

चौकटराजा:

उपयोग आहे. ती साइट मोठं चित्र लहान करणारच असेल तर ते काम आपण आधी करून द्यायचं. साइट किती पिक्सेल रुंदी दाखवते ते बघा आणि तेवढीच प्रत मुळापासून काढा. लहान करून झाल्यावर अगदी हलकं शार्पन द्या, कारण लहान करताना रेघ थोडी मऊ होते आणि साइट ते काम तुमच्या नजरेने करत नाही. पुढे तिने फाइल पुन्हा दाबली तरी पीएनजीवरून एकदाच दाबली जाते. जेपेग दिलीत तर दाबलेल्यावर परत दाबलं जातं.

वेबपी २०१० साली गूगलने आणलं. त्यात दोन प्रकार आहेत. काहीही न गमावणारा प्रकार सपाट चित्रांना छान, बहुतेक वेळा पीएनजीपेक्षा लहान फाइल देतो. गमावणारा प्रकार मात्र रंग नेहमी ४:२:० नेच साठवतो, म्हणजे तुमच्या दोरांचा तोच त्रास, आणि तिथे ४:४:४ चा पर्यायच नाही. शिवाय एका बाजूला १६,३८३ पिक्सेलच्या वर जाता येत नाही. मूळ जपायला मी वेबपी वापरत नाही.

पानजुळणी:

चौकटराजा यांनी फिरवण्याबद्दल लिहिलं ते मनापासून पटलं. माझ्याकडे येणाऱ्या चित्रांत मऊ रेघ दिसली की दोष फाइलच्या स्वरूपाचा असेलच असं नसतं, बरेचदा ती कॅनव्हासवरच मऊ झालेली असते.

तपासायची एक रीत सांगते, कुणाच्या मतावर अवलंबून राहावं लागत नाही. मूळ फाइलची एक नक्कल उघडा, काढलेली प्रत तिच्यावर नवी लेयर म्हणून आणा, बरोबर एकावर एक बसवा आणि वरच्या लेयरचा ब्लेंड मोड ‘डिफरन्स’ करा, म्हणजे दोन्हीतला फरक तेवढाच दिसतो. प्रत हुबेहूब असेल तर पडदा पूर्ण काळा दिसेल. नंतर वर लेव्हल्सची लेयर टाकून उजेड खूप वाढवा. जेपेगची प्रत असेल तर काळ्यातून रेघांचे सांगाडे आणि चौकोन उगवलेले दिसतील. कोणत्या भागात किती झीज झाली याचा तो नकाशाच असतो. तुमच्या चित्रात तो दोरांपाशी सगळ्यात उजळ निघेल. १६ बिटचं मूळ आणि ८ बिटची प्रत असेल तर पीएनजीतही किंचित फरक दिसेल, त्याने घाबरू नका.

डोळ्याने बघायचं तर १०० टक्क्यांवरच बघा. ६७ टक्के किंवा ३३ टक्क्यांवर सॉफ्टवेअर स्वतःच पिक्सेल गाळतं आणि चांगली रेघही खडबडीत दिसते.

पेनाचं_टोक:

डिफरन्स करून पाहिलं. ८५ ची जुनी जेपेग टाकल्यावर शिडाचा अख्खा आराखडा उजळून निघाला! आता शेवटचं. छपाईसाठी मी सीएमवायके (छपाईच्या चार शायांचे रंग) करून देऊ का? आणि टिफ की पीडीएफ?

पानजुळणी:

सीएमवायके तुम्ही करू नका, छपाईवाल्याने त्याचं प्रोफाइल देऊन तसं मागितलं नसेल तर. कागद आणि शाई बदलली की ते रूपांतरही बदलतं. चुकीच्या प्रोफाइलने एकदा रूपांतर झालं की निळा जो मरतो तो परत येत नाही. अॅडोब आरजीबीतली प्रत, प्रोफाइल जोडून, द्या. मात्र त्यांचं प्रोफाइल मागून घ्या आणि क्रिटात किंवा फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे कागदावर कसं दिसेल याची पडद्यावरची झलक, चालू करून बघा. गडद निळं आकाश कागदावर जरा जांभळट किंवा बसकं झालेलं दिसू शकतं. आत्ता दिसलं तर आत्ता सावरता येईल.

टिफ द्या. कॉम्प्रेशनमध्ये एलझेडडब्ल्यू किंवा झिप निवडा, दोन्हीत काही हरवत नाही. टिफच्या आत जेपेग कॉम्प्रेशनही घालता येतं, ते निवडलं जात नाही ना ते बघा. पीडीएफ मागितली तर तिच्या सेटिंगमध्ये डोकवाच. पीडीएफ हा डबा आहे, आत चित्र कोणत्या रूपात ठेवलंय ते बाहेरून कळत नाही. अॅडोबच्या ‘प्रेस क्वालिटी’ या तयार सेटिंगमध्येसुद्धा ४५० पीपीआयच्या (इंचाला ४५० पिक्सेल) वरची चित्रं ३०० वर आणली जातात आणि जेपेग कॉम्प्रेशन लागतं. तुमचं चित्र ३०० चं असल्याने लहान होणार नाही, पण जेपेग होईल. तिथे झिप निवडता येतं.

ब्लीडचं, म्हणजे कागद कापताना जाणाऱ्या कडेच्या जादा चित्राचं, विचारून घ्या. सहसा चारही बाजूंनी ३ मिमी लागतं, ३०० ला ते ३६ पिक्सेल धरा. तुमचा कॅनव्हास बरोबर ए-३ आहे, म्हणजे ब्लीड नाही. अशा वेळी चित्र थोडं ताणून मोठं केलं जातं आणि सगळ्या रेघा पुन्हा मोजल्या जातात. ते न करता कॅनव्हास प्रत्येक बाजूला ३६ पिक्सेलने वाढवा आणि आकाश, समुद्र हाताने पुढे रंगवा. तुमच्या चित्रात ते सोपं आहे.

आणि एक विनंती, बाह्यरेषांची लेयर वेगळी ठेवलेली पीएसडीही सोबत द्या. क्रिटातून ती निघते. आरजीबीतला काळा सीएमवायकेत गेला की चारही शायांचा मिळून होतो. छापताना चार प्लेटा केसभर जरी सरकल्या तरी बारीक काळ्या रेघेच्या कडेला निळी किंवा गुलाबी झाक दिसते. रेघा वेगळ्या मिळाल्या तर पान लावणारी व्यक्ती त्या फक्त काळ्या शाईत घेऊन बाकी रंगांवर छापू शकते, मग सरकायचा प्रश्न उरत नाही. लाल दोर त्या लेयरमध्ये नकोत, ते रंगाच्या लेयरमध्येच राहू द्या. लेयरना नावं द्या. ‘लेयर ४७’ वरून आम्हाला काहीच कळत नाही.